लामर्टचं एका वॉटचं केंद्र

माझा दीर लामर्ट दुधाची गाडी चालवायचा. लग्न केलं नाही. तरुणपणी गोठ्यात चोरून रेडिओ केंद्र चालवलं. सरकारी माणसांनी दोनदा सगळं सामान उचलून नेलं. साठी उलटल्यावर त्याने रीतसर परवाना काढला, एका वॉटचा. गाव हसलं. "एवढ्यात तुझ्या कोंबड्यांना तरी ऐकू जाईल का रे?"

त्याला काळजी होती आल्त्येची, त्याच्या थोरल्या बहिणीची. माझी ही नणंद चर्चला लागूनच राहायची, पण अंथरुणाला खिळलेली, डोळे गेलेले, बोटं वाकडी झालेली. चर्चने तिला उपासना ऐकायला टॅबलेट दिला होता. "गुळगुळीत पाटी नुसती," ती म्हणायची. "दाबू कुठे? माझ्या रेडिओचं बटण माझ्या हाताला ओळखतं."

ट्रान्समीटर लामर्टने घरीच जोडला, तो स्वस्तात झाला. पैसे खाल्ले बाकीच्या सामानाने. अँटेनाचा खांब, त्याला ताणून धरणाऱ्या तारा, विजेपासून बचावाचं सामान, आणि सगळ्यांत जास्त तांबं. खांबाभोवती अंगणभर तांब्याच्या तारा पुराव्या लागतात, नाहीतर आवाज कुंपणापलीकडे जात नाही. त्यापायी त्याने मोटरसायकल विकली. वर परवान्याची फी, आणि दरवर्षी गाण्यांच्या हक्कांचे पैसे. "आम्ही बायबलातली दाविद राजाची स्तोत्रं लावणार," त्याने हक्कांच्या कचेरीला फोनवर सांगितलं. "त्याचे वारस कुठे राहतात, पत्ता द्या, मीच नेऊन देतो."

चर्चच्या उपासनेचा इंटरनेटवरचा आवाज घेऊन तो आपल्या केंद्रावरून पुढे सोडायचा. नोव्हेंबरात धुकं होतं तेव्हा आल्त्येने पहिली उपासना ऐकली. मी शेजारी बसले होते. "पाळकांना सर्दी झालीय," ती म्हणाली, आणि मग प्रत्येक स्तोत्र गायली.

वसंतात ऊन पडलं आणि तिच्या रेडिओत भुंगे घुमायला लागले. लामर्ट खिशातला रेडिओ घेऊन गल्लीभर हिंडला. तो घूं-घूं आवाज चर्चच्या छपरावरून येत होता, नव्या सौर पॅनेलच्या डब्यांतून; ऊन पडलं की ते चालू व्हायचे.

तो चर्चच्या खजिनदाराकडे, हार्मकडे गेला, तेव्हा मीही होते.

"सूर्य देवाचाच ना, लामर्ट?"

"सूर्य देवाचा. डबे तू स्वस्तातले आणलेस. आवाज अडवणारा फिल्टर बसव."

"एका बाईसाठी? तिला टॅबलेट दिलाय की."

"बायबलात एका मेंढरासाठी नव्याण्णव सोडून कोण गेला होता?"

"त्याला वीजबिल येत नव्हतं."

लामर्ट स्वतः खर्च करायला तयार होता. हार्म म्हणाला, परक्याने हात लावला तर हमी जाईल.

तेव्हापासून आल्त्येला फक्त ढगाळ रविवारी देवाचं वचन ऐकू यायचं. देव मला क्षमा करो, शनिवारी रात्री गुडघे टेकून मी ढग मागायचे. नर्स सकाळी पडदे सारून म्हणायची, "आजी, काय छान ऊन पडलंय!" आल्त्ये भिंतीकडे तोंड फिरवायची.

जूनमध्ये ती गेली, सलग उन्हाच्या आठवड्यात. शेवटच्या रविवारीही रेडिओ चालू होता. बंद करू का विचारलं, तर म्हणाली, "राहू दे. मधूनमधून त्यात चर्चचा ऑर्गन ऐकू आल्यासारखा वाटतो."

दफनानंतर हार्म लामर्टचा हात हातात घेऊन म्हणाला, "बघ, देवाने तिला केवढं सुंदर ऊन दिलं."

"दिलं," लामर्ट म्हणाला. "पुरेपूर दिलं."

आत कॉफी आणि केक मांडला होता. लामर्ट आत आलाच नाही.