तारेतली मिसेस

जर्मनीत पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी माझं लग्न झालं, हे मला आठव्या दिवशी बाबांच्या तारेतून कळलं.

ही हकिकत सांगून सांगून मी आता दमलोय. पण कुठल्याही कार्यात चार माणसं जमली की माझी धाकटी बहीण कमळ ओरडते, "दादा, ती तारेची गंमत सांग ना रं!" (गंमत तिची. भोगलं मी!)

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. आम्ही कळंबचे भातशेतीवाले. कागदनिर्मितीचं शिक्षण घ्यायला मला शिष्यवृत्ती मिळाली आणि निघण्याआधी आईनं घाईघाईत जवळच्या चौक गावच्या सुशीलाशी माझा साखरपुडा उरकून टाकला. पोरगं बांधलेलं बरं, असा तिचा हिशेब. निघताना ती एवढंच म्हणाली, "नीट पोचलास का, आनि घरमालकीन कशी हाय, त्येवडं कळव."

घरमालकीण निघाल्या फ्राउ केलर, म्हणजे केलरबाई. वय सत्तर, पाठ ताठ, बोलणं फक्त जर्मन. मी विमान, दोन आगगाड्या आणि एक उलट्या दिशेची ट्राम करून दारात उभा राहिलो, तेव्हा उभ्यानंच झोपत होतो. बाईंनी मला गरम सूप पाजलं, पायातले बूट स्वतः ओढून काढले आणि पलंगाकडे बोट दाखवलं. पलंगावर ही भलीमोठी पिसांची रजई! मला वाटलं, गादीच. मी तिच्यावर झोपलो आणि सकाळी लाकडासारखा कडक होऊन उठलो. असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पेंगत पेंगत पोस्टात गेलो आणि इंग्रजीत तार केली: "सुखरूप पोचलो. मिसेस केलर फार चांगल्या. त्यांच्यासोबत राहतो."

यात काही चुकलंय का? मला तरी अजून सापडलेलं नाही!

आमच्या गावात तेव्हा इंग्रजी वाचणारे एकच, शाळेचे गुरुजी. पुढचं सगळं कमळच्या तोंडून.

"काय म्हनतो माझा लेक?" आईनं विचारलं.

"सुखरूप पोचला."

"देव पावला! आनि?"

गुरुजींनी चष्मा पुसला, परत लावला. "मिसेस फार चांगली आहे, म्हणतो."

"मिसेस म्हंजी?"

गुरुजी स्वतःच्या बायकोचा उल्लेख 'आमची मिसेस' असाच करत. त्यामुळे त्यांना शंकाच नव्हती. "अहो वहिनी, मिसेस म्हणजे बायको. तिच्यासोबतच राहतो, असंही लिहिलंय."

आई मटकन ओट्यावर बसली. "तीन दिसांत बायको? अवो, हितं तीन वर्सांत याला येक पोरगी पसंत पडत नव्हती!"

संध्याकाळच्या एसटीनं बातमी चौकला पोचली. लगोलग गुरुजींनी लिहिलेली बाबांची तार माझ्याकडे निघाली: "लग्न का केलंस? आई जेवत नाही. चौकची मंडळी रविवारी येतात. कळव."

जिन्याच्या पायरीवर बसून मी ती चार वेळा वाचली. आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची तार आली. मग हळूहळू उजेड पडला. मी तसाच पोस्टात धावलो आणि उत्तर पाठवलं: "मिसेस केलर सत्तर वर्षांच्या. काळजी नसावी." (परतताना मी स्वतःवरच खूश होतो. काय नेमकी तार!)

"सत्तर?" तिकडे कळंबला बाबा किंचाळले. "सतरा असंल गुरुजी, नीट बगा!"

"सत्तरच आहे हो. अक्षरात लिहिलंय."

आईनं नुकताच तोंडात घातलेला भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला. रविवारी सुशीलाचे वडील आले, त्यांनी दोन्ही तारा ऐकल्या आणि कळवळून विचारलं, "माजी पोरगी बावीस वर्सांची हाय. तिच्यात असं कमी काय हाय?"



पुढची तार आली, "साखरपुडा मोडतोय." मी ठरवलं, खुद्द फ्राउ केलरनाच आईला पत्र लिहायला सांगायचं. पण माझ्याकडे जर्मन शब्द होते चाळीसेक, त्यातले निम्मे बटाट्याविषयीचे. बाई स्वयंपाकघरात बटाटेच सोलत होत्या. धावपळीनं आणि जागरणानं माझे पाय असे गळाले होते की बोलता बोलता मी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर गुडघेच टेकले.

"माझी आई," मी सुरुवात केली. मग त्यांच्याकडे बोट केलं. "तुम्ही. माझी फ्राउ."

आई असं समजते, हे सांगायचं होतं. 'समजते'ला शब्द येत नव्हता. आणि जर्मनमध्ये फ्राउ म्हणजे बाई, तशीच फ्राउ म्हणजे बायकोही, हा धडा आमच्या वर्गात पुढच्या महिन्यात होता!

बाईंनी सुरी खाली ठेवली. हात पुसले. आतून दिवंगत नवऱ्याची तसबीर आणून माझ्यासमोर धरली आणि मला कळावं म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाल्या, "तू चांगला मुलगा आहेस. पण नाही."

जेवताना त्यांनी मला एक बटाटा जास्त वाढला.

मग मात्र मी तारांचा नाद सोडला. सुशीलालाच लांबलचक पत्र लिहिलं. मिसेस, सत्तर, गुडघे, तसबीर, काही म्हणजे काही लपवलं नाही. उत्तराची वाट बघताना एकही रात्र धड झोप लागली नाही. रजई अंगावर घ्यायची असते हे कळल्यावरसुद्धा!

तीन आठवड्यांनी तिचं पत्र आलं.

"तुमचं पत्र मी कळंबला जाऊन सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमच्या आई आता जेवतात. आमच्या बाबांचं मन वळत नव्हतं, तेव्हा मीच सांगितलं की लग्न मोडायचं नाही. सत्तर वर्षांच्या म्हातारीनंसुद्धा तुम्हाला नको म्हटलं, हे वाचून फार वाईट वाटलं. आता मीही नाही म्हटलं, तर तुम्हाला विचारणार कोण?"