नववीची खोली

आमच्या शाळेत खोल्या कमी, पण किस्से इतके साठलेत की ते ठेवायला आणखी एक खोली बांधावी लागेल! मी मूळचा आटपाडीचा. नव्वदच्या दशकात उंब्रजजवळच्या एका गावात मास्तर म्हणून रुजू झालो. शाळा गावाने स्वतः काढलेली, आठवीपर्यंतची. पंचक्रोशीतली दृष्टिहीन मुलं डोळस मुलांच्याच बाकावर बसायची. हे जमतं कसं, याचं मला भारी कुतूहल!

*

शाळेचे चेअरमन सुभेदार तात्या, लष्करातून निवृत्त झालेले. पहिला वर्ग त्यांच्याच गोठ्यात भरला होता म्हणे. मी विचारलं, "मग तात्या, म्हशी कुठे गेल्या?"

"मळ्यावर. ट्रान्सफर!"

*

गावातली वडीलधारी मंडळी दृष्टिहीन पोरांशी ओरडूनच बोलायची. एकदा तात्या माझ्या वर्गातल्या सुनंदाच्या कानाशी गरजले, "पोरी, जेवलीस का?"

ती म्हणाली, "आवं तात्या, डोळं न्हाईत. कान हायत की!"

तेव्हापासून तात्या तिच्याशी हळू बोलतात. बाकीच्या गावाशी नाही.

*

एका चाचणीत डोळस बाळू माझ्याकडे टक लावून बघत होता. इतका लक्ष देणारा विद्यार्थी मला पहिल्यांदाच मिळाला! जवळ गेलो, तर बाकाखाली त्याची बोटं ब्रेलच्या कागदावर फिरत होती. पोरं गुपचूप ब्रेल शिकली होती, आणि मला अजून धड येत नव्हती.

शेजारच्या सुनंदाला दरडावून विचारलं, "हे तू दिलंस?"

"व्हय सर. पन तिसरं उत्तर चुकलंय. तेवढं सांगा त्याला."

*

सुनंदा आठवी पास झाली आणि तिच्या वडिलांनी सांगून टाकलं, "नववी हितं निघाली तर शिकंल. लांब धाडनार न्हाई." मला झोप लागेना. नववीला मान्यता हवी, तर वेगळी खोली हवी. गावाने श्रमदान ठरवलं. थोरली आळी, बौद्ध वस्ती, माळी मळा आणि स्टँडवाले, प्रत्येकाने एकेक भिंत वाटून घेतली. मग काय, चुरस लागली! कुणाची भिंत आधी उठते, कुणाची सरळ येते, यावरून दिवसभर चिडवाचिडवी.

मान्यतेच्या तपासणीच्या आदल्या दिवशी भिंती डोक्याच्या वर गेल्या. आम्ही सगळे बांबूच्या परांचीवरून उड्या मारत आत-बाहेर करत होतो. सुनंदा आपला वर्ग बघायला आली. बाहेरून भिंतीला हात लावत एक फेरी मारली. मग दुसरी.

"सर, चार कोपरं झालं. दार कंच्या भिंतीत हाय?"

प्रत्येकाला वाटलेलं, दार दुसऱ्याच्या भिंतीत असेल. आता आपली भिंत फोडायला कोण तयार होणार? शेवटी तात्यांनी तिलाच विचारलं. तिने जिथे हात ठेवला तिथे पहार घातली.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब त्या भगदाडातून वाकून आत आले. सुनंदाला बघून म्हणाले, "बाळ, शहरात तुमच्यासाठी वेगळी, चांगली शाळा आहे. तिकडे का जात नाहीस?"

सुनंदाने भगदाडाच्या कडेवर हात ठेवला.

"जाईन की साहेब. पन मी गेल्यावर ह्यास्नी दार कोन दावनार?"