हार घातलेला डबा

झेंडूच्या हाराचा वास मला आता सोसत नाही. दसऱ्याला बायको दाराला तोरण बांधायला घेते, तेव्हा मी मागच्या गॅलरीत जाऊन उभा राहतो. तिला वाटतं, मला ॲलर्जी आहे. तसंच वाटत राहो.

वाळूजच्या एका कारखान्यात मी संगणक आणि नेटवर्क सांभाळायचो. गाड्यांचे सुटे भाग व्हायचे तिथं. परदेशी गिऱ्हाइकानं अट घातली की, आमची ड्रॉइंग तुमच्या संगणकांत राहणार असतील तर नेटवर्कवर पहारा पाहिजे. म्हणून मालकांनी पहाऱ्याचं यंत्र आणलं. दिसायला काळा, चपटा डबा. सगळ्या संगणकांतून जे काही आत-बाहेर जाईल त्याची नक्कल एका केबलीतून त्याच्याकडे यायची, तो ती तपासायचा आणि काही वावगं दिसलं की लाल दिवा लावायचा. एरवी हिरवा. आम्ही त्याला डबाच म्हणायचो.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी यंत्रं पुसून बंद ठेवतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. त्यात वाईट काही नाही. माझ्या पान्यापकडींना मीही कुंकू लावलेलं आहे. पण त्या वर्षी प्रशासन बघणाऱ्या साहेबांच्या डोक्यात आलं की, सगळ्यात नवं यंत्र आतल्या खोलीत कोंडून कसं चालेल, मालकांच्या हातून त्याचीही पूजा झाली पाहिजे. मी सणाला गावी, पिशोरला गेलो होतो. इकडं त्यांनी इलेक्ट्रिशियनला सांगून डबा उपटला, पाटावर मांडला, हार घातला आणि सण झाल्यावर परत बसवला. वीज लागली, हिरवा दिवा लागला. नक्कल आणणारी केबल मात्र शेजारच्या भोकात गेली.

आधी आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी तरी लाल दिवा लागायचा. पूजेनंतर एकदाही नाही. पूजा फळाला आली, असं मालक कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले आणि मीही दात काढून हसलो. रोज सकाळी वहीत 'धोका नाही' असं लिहून सही करायची, हे माझं काम. मी दारातूनच हिरवा दिवा बघायचो आणि सही ठोकायचो. डब्यावरचा हार सुकून काळा पडला होता. तो काढायला जरी आत गेलो असतो, तरी केबल दिसली असती. असे जवळजवळ तीन आठवडे गेले. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

मग गिऱ्हाइकाचं एक ड्रॉइंग दुसऱ्याच कारखान्यात सापडलं. मालकांनी सरळ हिशेब मांडला: डबा हिरवा आहे, म्हणजे नेटवर्कवरून काही गेलेलं नाही, म्हणजे कुणीतरी हातानं नेलं. आणि ड्रॉइंगच्या कपाटाची किल्ली एकाच बाईकडे होती.

तिला सगळे ताई म्हणायचे. कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून ती ड्रॉइंगचं रेकॉर्ड सांभाळायची, माझ्या शेजारच्या टेबलावर. तिच्या हातात कुठलाही कागद द्या, लग्नपत्रिका का असेना, ती आधी उजवा खालचा कोपरा बघायची. ड्रॉइंगची तारीख तिथं असते. जुन्या तारखेचं ड्रॉइंग तिच्या हातून कधी मशिनवर गेलं नाही. ती बौद्ध. पूजेच्या वेळी दरवर्षी आपल्या टेबलावर काम करत बसायची, पेढा दिला तर घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांबरोबर लेण्यांवर जायची. इतक्या वर्षांत कुणी काही बोललं नव्हतं.

आता साहेब बोलले. "पूजेला कधी उभी राहिली का ती? तवाच वळखायला पायजे होतं." ज्या तोंडानं हे बोलले, त्याच तोंडानं ते दर शनिवारी तिच्या डब्यातली मेथीची भाजी खायचे.  मी मान खाली घालून कीबोर्ड बडवत राहिलो.

बुधवारी मी पहिल्यांदा आत जाऊन हार बाजूला केला आणि केबल बघितली. ती शेजारच्याच भोकात होती. योग्य भोकात लावली, आणि दुपारच्या जेवणाआधी लाल दिवा लागला. मालकांच्या पुतण्याच्या लॅपटॉपमधून फायली बाहेर चालल्या होत्या. पठ्ठ्यानं कुठलं तरी चोरीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतंय म्हणून भरून घेतलं होतं, आणि ते दर थोड्या वेळानं आमची ड्रॉइंग परक्या ठिकाणी पाठवत होतं. त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मी अहवाल छापून साहेबांकडे गेलो. त्यांनी दार लावलं. गिऱ्हाइकाची माणसं पुढच्या आठवड्यात तपासणीला येणार होती. लॅपटॉप पुसून टाकू, विषय संपला, असं ते म्हणाले. ताईला शुक्रवारपर्यंत राजीनामा द्यायला सांगितलं होतं, तिचं काय, असं मी विचारलं. साहेबांनी माझी वही पुढं ओढली आणि सह्यांवर बोट ठेवलं.

"हे धोका नाय, धोका नाय कुणी लिवलंय? बोलायचं तर बोल. मग तूबी जाशील."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे लहानपणापासून ऐकत आलो. दोर धरायला माझ्यासारखा एखादा लागतो, हे त्या दिवशी कळलं. मी अहवाल घडी करून खिशात ठेवला आणि जाग्यावर येऊन बसलो. शुक्रवारी ताईनं राजीनाम्यावर सही केली. सही करताना आधी कोपऱ्यातली तारीख बघितली. किल्ली टेबलावर ठेवली, माझ्याकडं बघून मान हलवली आणि गेली. मी स्क्रीनकडं बघत होतो.

तपासणी छान पार पडली. डब्याचं कौतुक झालं.

त्यानंतरच्या रविवारी मन खायला लागलं म्हणून लेण्यांच्या रस्त्याला तिच्या घरी गेलो. तिचं दुसरीकडं कुठंच नोकरीचं जमत नव्हतं. चोरीचा बोभाटा तिच्या आधी पोचायचा. तिनं बसायला खुर्ची दिली, चहा टाकला. मी खिशातला अहवाल काढून दिला. म्हणालो, ताई, यात सगळं आहे, तुमचा काही दोष नव्हता, हा कुणालाही दाखवा, मी साक्षीला उभा राहीन. आपण फार मोठं काही करतोय, असं त्या क्षणी मला वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

तिनं कागद हातात घेतला आणि उजवा खालचा कोपरा बघितला. यंत्रानं तारीख आणि वेळ तिथंच छापली होती. माझ्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

"बुधवारचा हाये," ती म्हणाली.

"व्हय."

"मी सही शुक्रवारी केली, भाऊ."

 तिनं कागदाची घडी घातली, फळीवरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि कप माझ्यापुढं सरकवला.

"चहा घ्या. गार व्हायलाय."

आणि मी निर्लज्जासारखा तो सगळा प्यायलो.