आप्पांच्या घड्याळाचं झाकण

दवाखान्यातून घरी आल्यावर आप्पांनी पहिलं काम काय केलं, तर मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं. ते बंदच पडलं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. चुडाव्याच्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली, आणि आई गेल्यापासून ते परभणीत आमच्याकडंच राहतात. आंघोळीशिवाय कधी घड्याळ न उतरवणारा हा माणूस. "सेल आणते," म्हटलं, तर म्हणाले, "राहू दी. आता येळ बघून कुटं जायचंय मला?"

माझं डोकंच फिरलं. हृदयाचं ऑपरेशन चांगलं झालेलं, डॉक्टर म्हणतायत चाला-फिरा, आणि हे भिंतीकडं तोंड करून पडलेले. जेवा म्हटलं की जेवायचे, झोपा म्हटलं की झोपायचे. स्वतःहून काही म्हणजे काही मागायचे नाहीत. मला त्याचीच लय भीती वाटायला लागली. घड्याळाचा काटा हलला तर हेही हलतील, असं माझ्या डोक्यात बसलं. खुळेपणाच तो, पण बसला.

दुकानात दिलं असतं तर पाच मिनिटांचं काम. पण दुकानदार आतली मशीन बदलून टाकतात ही आप्पांची पक्की समजूत, त्यामुळं सेल ते जन्मभर स्वतःच घालत आले. त्यांना न सांगता ते दुकानात न्यायला माझं मन धजेना. सेल तेवढा आणला, आणि रविवारी सकाळी त्यांच्या खाटेजवळच पेपर अंथरून बसले. मी ब्लाउज शिवते. बारीक कामाची मला काय भीती!

मागचं झाकण गोल, गुळगुळीत. फोनवरच्या व्हिडिओत एक माणूस रबरी चेंडू दाबून असलं झाकण फिरवत होता. शेजारून चेंडू मागून आणला, दाबला, फिरवला. चेंडू फिरला, माझं मनगट फिरलं, झाकण जागचं हलेना. मग आमचे हे पक्कड घेऊन आले.

"आटे गंजलेत," म्हणाले. हे शाळेत इतिहास शिकवतात, ह्यांना आट्यातलं काय कळतंय! पक्कड सटकली आणि झाकणावर हा एवढा ओरखडा.

"अहो, ठेवा ती! घड्याळ आहे का नळाची तोटी?"

ह्यांनी गुमान पक्कड ठेवली आणि चहा टाकायला गेले. झाकणाच्या कडेला एका जागी पांढरं काहीतरी घट्ट बसलं होतं. घामाचा क्षार असेल म्हणून मी शिलाई मशीनचं तेल चोळलं. आता तर घड्याळ हातातच ठरेना. "मर मेल्या!" म्हणत मी ते पेपरवर आपटलं.

खाटेवरून आवाज आला, "मघापासून काय फिरवायलीस?"

"झाकण."

"ते फिरत नसतंय. दाबाचं हाय ते, आट्याचं न्हाई."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तू इचारलंस का?"

मी पण हटले नाही. "दाबाचं असेल तर चाकूचं पातं घालायला खाच पाहिजे. कुठंय खाच?"

आप्पा उठून बसले. घरी आल्यापासून पहिल्यांदाच, कुणी न सांगता. घड्याळ माझ्या हातून घेतलं आणि त्या पांढऱ्यावर नख टेकवलं. "ही काय. इभूती भरलीय तिच्यात."

दर खंडेनवमीला लोक विळ्या-कोयत्यांची पूजा करतात. आप्पा सांध्याच्या खटक्याला आणि ह्या घड्याळाला ओली विभूती लावायचे. काचेला लावली तर काटे झाकतील, म्हणून घड्याळाच्या पाठीला. तीच खाचेत जाऊन बसायची, हे मला आत्ता कळलं. सेल बदलायच्या वेळी ते सुईनं कोरून काढायचे. म्हणजे सकाळपासून मी देवाच्या विभूतीला तेल चोळत होते! मला हसू आवरेना.

"सुई दी," आप्पा म्हणाले. घड्याळ मी धरलं. त्यांनी खाच कोरली, मी पातं घातलं, आणि टक् करून झाकण उघडलं. सेल बसवला. काटा चालायला लागला.

"हा शेल किती दिवस चालंल?"

"दोन-तीन वर्षं."

"बास झालं. मला पुरून उरंल."

"असलं बोलायचं असेल तर काढून घेते परत!" असं ओरडले खरी, पण रडू आलं ते आलंच. आप्पांनी फक्त मनगट पुढं केलं. पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागला.

त्यानंतर दोन महिन्यांनी खंडेनवमी आली. मी शिलाई मशीन आणि कात्री पुसून ठेवली. आप्पांनी घड्याळ काढून शेजारी ठेवलं, वाटीत विभूती कालवली, घड्याळ उलटं केलं आणि पाठीवर बोटं टेकवता टेकवता थांबले. मग तीन बोटं पट्ट्यावर ओढली.

"आप्पा, पाठीला नाही लावली?"

"खाच भरती, बाई," ते म्हणाले. "फुडच्या खेपेला तुलाच तरास."