बारीक दाण्याची दांडी

गजूचं शेवटचं काम परवा मी माझ्या हातानं जाळलं.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. लोक फोटो टाकतील. मी कबुली टाकतो.

गजानन रिठदचा. शाळेत एका बेंचवर बसायचो. तो इंजिनिअरिंग कॉलेजात धातूंचं शिकवायला लागला. मी दहावी नापास होऊन शेलूबाजारला वेल्डिंगचं दुकान टाकलं.

जायच्या आधीच्या दिवाळीत दुकानात आला. हातात करंगळीएवढी जाड, वीतभर दांडी. अल्युमिनियमच्या मिश्रधातूची.

"धातूच्या पोटात दाणे असतात बे," म्हणे.

"मंग पेरून पाहू काय?"

"हास लेका. काटकोनात वळलेल्या भोकातून रेटली हे दांडी. काढली, पुन्हा रेटली. आठ खेपा. पोटातले दाणे चुरून बारीक झाले. दाणा जितका बारीक, माल तितका टणक."

"आमी घनानं ठोकतो, तेच झालं न मंग?"

"तू ठोकतो तं वस्तू चपटी होते. माह्यी जाडी पाय. जशीच्या तशी हाय."

मी हातोडी मारली. खण्! उलटून आली.

आवाजावरून माल ओळखतो मी. माझ्या कानाचं पंचक्रोशीत नाव आहे.

पुन्हा मारली. पुन्हा खण्. काय गोड आवाज!

गजू काहीतरी बोलून राह्यला होता. मी दांडी ऐकत होतो.

दांडी मलाच देऊन गेला. बाकीच्या सगळ्या टेस्टिंगला कापल्या गेल्या होत्या. अख्खी ही एकच.

महिन्याभरात हार्ट अटॅक.

वर्षश्राद्धासाठी त्याची पोरगी प्राची चार दिवस आधीच आली. "काका, बाबांच्या दांडीचं मले कडं करून द्या. हातात राहील."

थंड दांडी वाकेना. जोर लावला तर तडकेल, ही भीती. मग जन्मभर जे करत आलो तेच केलं.

जाळ दाखवला.

मेणासारखी वाकली.

निवल्यावर हातोडी मारली.

थप्.

आणि तेव्हा कुठं गजूचं त्या दिवशीचं बोलणं कानात आलं.

"फक्त जाळ दाखवू नको याले, राजा. दाणे पुन्हा फुगतात. सारी मेहनत पाण्यात."

एवढे तिखट कान. कशाचे?

आज सकाळी प्राचीला सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"काका, पुन्हा रेटलं तं बारीक होतात न दाणे?"

"होतात बेटा."

"मंग?"

रेटणारा कुठून आणू?

तिनं कडं मनगटात घातलं. सैल होतं, म्हणून मांडीवर टेकवून तळव्यानं दाबलं.

दबलं.

गजू, तुझी दांडी तुझ्या पोरीच्या हातानं दबली रे.

श्रद्धांजली कोणत्या तोंडानं वाहू? तू काय म्हणत होतास ते ऐकलं. वर्षानं ऐकलं.

जाय बाप्पा. नीट जाय.