पहिली काडी

वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या ढिगाला आम्ही लॉट म्हणतो. काल नात सांगत होती, "आबा, इंग्रजीत लॉट म्हणजे मुळात वाटणीसाठी टाकायचा लाकडाचा तुकडा. त्यावरून वाट्याला आलेला हिस्सा, मग नशीब, आणि शेवटी तुमचा ढीग."

हळदीचा वास नाकात होताच. मनानं मी थेट हट्टा गावातल्या आमच्या जुन्या अंगणात पोचलो. आम्हा दोघा भावांत शेताची वाटणी चालली होती. मामांच्या मुठीत बाभळीच्या दोन ओल्या काड्या. लांब काडीला विहिरीचं रान, आखूड काडीला मुरमाड माळ. धाकट्यानं आधी ओढायची, हा गावचा रिवाज. पण दादानंच आधी हात घातला आणि लांब काडी नेली.

"तू काहून हात घातला? पहिली काडी माझी हाय!" मी ओरडलो.

"घे ती उरलेली, लेकरा," आई म्हणाली. "भांडून विहीर सरकत न्हाई."

आता वाटतं, विहीर मिळाली असती तर मी मोंढ्यात आलोच नसतो. मुरमाडानं मला व्यापारी केलं, बरंच केलं. आज दादाची हळद माझ्याकडेच येते. भाव मी चोख देतो, पण पहिली काडी माझी होती, हे त्याला ऐकवल्याशिवाय वजनाचा काटा लावत नाही.