एवढा मोठा बंद

“हा बंद आपला की त्यांचा?” शटरला हात घालण्याआधी काका हे विचारायचे. तलासरीत हायवेवर, बस थांब्याजवळ त्यांचं चहाचं दुकान. बंद आपला, म्हणजे आपल्या पक्षानं पुकारलेला, असला तर शटर पूर्ण खाली आणि चहाचा स्टोव्ह मोर्चात. त्यांचा असला तर शटर अर्धंच.

लॉकडाऊन लागला तेव्हाही मला हेच विचारलं. मी पक्षाची पत्रकं लिहिणाऱ्या घरात वाढलेली, उत्तर तोंडावर. “सरकारचा, काका.”

“सरकारच बंदवर? मग मागण्या कुणाकडे?”

गुजरातेतून, गुजरातेकडे माणसं हायवेनं पायी चालली होती. काका दुकानामागून त्यांना कोरा चहा द्यायचे. पोलिसानं हटकलं तर म्हणायचे, “साहेब, शटर बघा ना! माझ्याइतका बंद कुणी पाळलाय?” घरी जाऊन मोठ्यानं गाणी म्हणायचे. इकडे मी पत्रकात लिहीत होते, टाळेबंदी माणसं आतून मोडते आहे. माझ्यासमोरचा माणूस तर गात होता. तुम्ही काय लिहिलं असतं?

मग सगळं उघडलं. बस आल्या, दूध आलं, आणि काका गप्प झाले. चहा उतू जायचा, ते नुसते बघत बसायचे.

“बेन,” एकदा मला म्हणाले, “एवढा मोठा बंद झाला. मिळालं काय?”

मी डॉक्टरचा विषय काढला.

“मला कुठे दुखतंय?”

काही महिन्यांनी त्यांनी जीव दिला.

शोकसभेच्या पत्रकाला मी मथळा दिला, ‘लॉकडाऊनचा बळी’. काकींना वाचून दाखवला. त्या भडकल्या.

“खोटं लिहू नको. तेव्हा ते लग्नातही नव्हते इतके खुशीत होते.”

“मग कशानं झालं, काकी?”

“मला कळलं असतं तर होऊ दिलं असतं?”

मथळा खोडला. आमच्या पत्रकांत कारण नेहमी ठळक अक्षरात असतं. या वेळी लिहिलं, ‘काका का गेले, आम्हांला माहीत नाही.’ खाली मागणी एकच: तालुक्याच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर हवा. तीही वाचून दाखवायला दुकानात गेले; आता ते काकी चालवत होत्या.

“पण डॉक्टर असता तरी काका दाखवायला आले असते का?” मी काकींना विचारलं.

थांब्यावर बस लागली होती. काकींनी ग्लास विसळून ठेवले.

“मी ओढत नेलं असतं,” त्या म्हणाल्या.